सुतार यायच्या आधी

अरे बाळा, वन बीएचकेची किल्ली हातात आली, फार बरं वाटलं. आता स्वयंपाकघर लहान आहे म्हणून तोंड वाकडं करू नकोस, आणि इंटिरियरवाला लॅपटॉपवर जे चकचकीत चित्र दाखवतोय त्याला लगेच भुलूही नकोस. चित्रातला ओटा कधी खरकटा होत नाही. तुमचा रोज दोनदा होणार आणि पुसायचा तुम्ही दोघांनीच. म्हणून सांगते ते ऐक. यातलं निम्मं तुला ठाऊक असेल. उरलेलं सुतार सांगणार नाही, कारण त्याला तिथे पोळ्या लाटायच्या नसतात.

१. ट्रॉल्यांची ऑर्डर देण्याआधी महिनाभर नुसत्या ओट्यावर स्वयंपाक करा — मिसळणाचा डबा कुठे हवा नि साणशी कुठे, हे हात आपोआप सांगतात.

२. घरातली सगळी भांडी एकदा हॉलमध्ये चादरीवर मांडा: कुकर, कढया, तवे, परात, पोळपाट, मिक्सर आणि त्याची तिन्ही भांडी — आधी भांडी मोजायची, मग कप्पे पाडायचे. उलटं केलंत तर परात जन्मभर फ्रिजवर बसेल.

३. वर्षभर ज्याला हात लागला नाही ते देऊन टाका. मोदकपात्र आणि चकलीचा सोऱ्या मात्र त्यात धरू नका — त्यांना वर्षातून एकदाच बाहेर यायचा हक्क आहे.

४. बिल्डरच्या नकाशावर विसंबू नकोस. टेप घे आणि भिंत दोन्ही टोकांना, वर नि खाली मोज — डोळ्यांना सरळ दिसणाऱ्या भिंतीत अर्ध्या इंचाचा फरक निघू शकतो, आणि ट्रॉली नेमकी त्याच अर्ध्या इंचात अडते.

लहान म्हणजे तरी किती लहान? राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की जेवायची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर निदान ५ चौरस मीटरचं आणि १.८ मीटर रुंद हवं. म्हणजे ५४ चौरस फूट नि सहा फुटांच्या आसपास रुंदी. तेवढ्या जागेत संसार होतो का, असं सूनबाईने विचारलं ना, तर तिला फ्रँकफुर्टची गोष्ट सांग. मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली तिथल्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं, १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. रेल्वेच्या भोजनडब्यात एवढ्याशा जागेत कसं रांधतात ते त्यांनी नीट पाहिलं होतं. पीठ, तांदूळ, साखर यांचे नावं घातलेले ओढायचे डबे ओळीने लावलेले, खिडकीशी चिरायला टेबल आणि बसायला फिरतं स्टूल. तशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं बसली. आजच्या मॉड्युलरवाल्यांचं घराणं तिथवर जाऊन पोचतं.

पण बाईंच्या शेगडीवर हिंग-मोहरीची फोडणी काही रोज तडतडत नव्हती. आपल्या स्वयंपाकघराला तेल, वाफ, हळद आणि पाणी हे चार पाहुणे रोजचे. त्यांची सोय आधी बघायची, रंगाचं नंतर.

५. सहा-सात फूट रुंदीत दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांचे ओटे घालू नकोस. समोरचा ओटा सव्वा ते दीड फुटाचाच ठेव — ट्रॉली वीस इंच बाहेर येते, तिच्यापुढे उकिडवं बसायला माणसाला जागा लागते. उघडेल ते कपाट, अडेल ती अडगळ.

६. ओट्याची उंची कंत्राटदाराच्या सवयीने ठरू देऊ नकोस. सरळ उभं राहा, कोपर वाकवा आणि कोपराच्या चार ते सहा इंच खाली खूण करा — पोळी लाटायला खांद्यातून जोर लागतो, ओटा उंच झाला तर संध्याकाळपर्यंत मान धरते.

७. माप कोणाच्या कोपराचं? जो जास्त पोळ्या लाटेल त्याच्या. तो तू निघालास तर मावशीला आनंदच आहे.

८. खुणेवरही लगेच विश्वास ठेवू नका. टेबलावर जाड पुस्तकं रचून तेवढी उंची करा, वर पोळपाट ठेवा आणि खरोखरच दहा पोळ्या लाटून बघा — पाठ खोटं बोलत नाही, आणि पोळ्या काही वाया जात नाहीत.

९. शेगडी ओट्यावर ठेवणार असाल तर तिची स्वतःची उंचीही धरा, वर कुकर चढला की झाकण छातीला येतं — आत काय शिजतंय ते बघायला टाचा उंचावाव्या लागल्या, तर वाफ तोंडावर येते. तेवढाच भाग थोडा खाली घेता आला तर उत्तम.

१०. ओट्याखाली पायांसाठी तीन-चार इंच आत जाणारी खाच सोडायला सांग — पाय आत गेले की पोट ओट्याला लागतं आणि कंबर वाकत नाही. त्या खाचेची पट्टी क्लिपवर निघणारी हवी — आत सांडलेली साखर नि झुरळं झाडायला मार्ग राहतो.

११. फ्रिज, सिंक, चिरायची जागा, शेगडी, या क्रमाने मांडणी लाव — भाजी काढली, धुतली, चिरली, टाकली. पावलं त्याच ओळीने पडतात.

१२. सिंक नि शेगडी यांच्यात निदान दोन फूट मोकळा ओटा राहू दे, आणि तो मोकळाच ठेव. तिथे टोस्टर नको, फुलदाणी नको — धुतलेल्या हातांचं पाणी तापल्या तेलात उडतं, शिवाय गरम कढई उतरवायला जागा लागते ती नेमकी याच ठिकाणी.

१३. फ्रिज भिंतीला चिकटून कोपऱ्यात कोंबू नकोस. त्याचं दार काटकोनापलीकडे उघडतं का ते बघ — काटकोनात अडलेल्या दारातून भाजीचा खण पूर्ण बाहेर निघत नाही, मग तो धुवायचा म्हणजे फ्रिजच ओढावा लागतो.

१४. मिक्सर ओट्यावरच राहू दे, कपाटात नको — रोज उचलून ठेवायचा म्हटलं की चटणीचा बेतच रद्द होतो.

आता दगड. याविषयी मी जरा हट्टी आहे.

१५. ओट्याला काळा ग्रॅनाइट घे. शेजारणीच्या पांढऱ्या संगमरवराकडे बघून उसासे टाकू नका — लिंबू, चिंच, कोकम यांचा थेंब संगमरवराची झळाळी खातो, आणि आपल्याकडे आमटीत यातलं काहीतरी असतंच.

१६. क्वार्ट्झचा ओटा दिसतो देखणा, पण त्यात दगडाचा चुरा राळेने बांधलेला असतो — तापला तवा टेकवला की डाग उमटतो तो उमटतोच. घ्यायचाच असेल तर जाड लाकडी पाट कायम बाजूला ठेवा.

१७. ओट्याच्या पुढच्या काठाला जराशी उंच कड काढून घे आणि सिंककडे किंचित उतार दे — नाहीतर सांडलेलं पाणी थेट तुझ्या पोटावर आणि तिथून ट्रॉलीत.

१८. सिंक दगडाच्या खालून बसवून घे — काठ वर आला की खरकटं त्याच्याभोवती अडतं, खालून असला की एका हाताने सरळ आत ओढता येतं.

१९. सिंक एकच पण खोल आणि ऐसपैस असू दे. दोन छोट्या सिंकांच्या नादी लागू नकोस — परात आणि मोठं पातेलं दोन्हींपैकी एकातही आडवं बसत नाही.

२०. सिंकची जागा हौसेने दुसऱ्या भिंतीला हलवू नकोस. मोडतोड करायच्या आधी सोसायटीची लेखी परवानगी घे — पाण्याचे पाइप वरपासून खालपर्यंत एकाच ओळीत असतात, आणि तुझ्या नव्या सिंकखाली खालच्या मजल्यावरच्यांची बेडरूम येऊ शकते. त्यांच्या छतावर ओल आली की दारात भांडण हजर.

२१. सिंकखाली प्लायचा तळ घालूच नकोस. लादी तशीच उघडी ठेव, बाहेर जाळीचं किंवा ॲल्युमिनियमचं दार लाव — नळाची गळती आधी कपाट खाते, मग पगार.

२२. बाकी कपाटांना मरीन प्लाय वापर, आणि त्यावरचा आयएस ७१० हा छाप स्वतःच्या डोळ्यांनी बघ, दुकानदाराच्या तोंडून ऐकू नकोस — पावसाळ्यात साधा बोर्ड फुगतो आणि दार बसेनासं होतं.

२३. प्लायच्या चारही कडांना पट्टी लावून घे, ज्या दिसत नाहीत त्यांनाही — पाणी नेहमी न दिसणाऱ्या बाजूनेच आत शिरतं. सुतार म्हणेल, 'साहेब, ते मागे जातंय.' तू म्हण, 'मागेच लाव.'

२४. ट्रॉल्यांपैकी एकीची उंची कुकर झाकणासकट उभा राहील एवढी ठेव, एक ताटं उभी राहतील अशी, आणि एक उथळ. उथळ खणात झारे, उलथणी, साणशी, किसणी आडवी निजतात — उभ्या गर्दीत किसणी शोधताना बोट आधी सापडतं.

२५. पोळपाटासाठी ओट्याखाली उभी चिंचोळी फट ठेव, हातभर खोल नि चार बोटं रुंद. तीत ताटल्या-झाकण्याही राहतात — हे कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसतं, कारण कॅटलॉग छापणाऱ्याच्या घरी पोळ्या बाहेरून येत असाव्यात.

२६. कोपऱ्यातली फिरती जाळी महाग असते. पैसे कमी पडत असतील तर कोपरा बंद करून टाक — त्या पैशांत दोन चांगल्या, पूर्ण बाहेर येणाऱ्या ट्रॉल्या होतात, आणि कोपऱ्यात शेवटी पिशव्यांचं गाठोडंच राहतं.

२७. कडधान्यांना चौकोनी डबे घे — गोल डबे शेजारी शेजारी लावले की जवळजवळ पाचवा हिस्सा जागा नुसत्या फटींत जाते. आईचे गोल पितळी डबे टाकू नकोस मात्र, ते वर ओळीने मांड. शोभा हवी ना? ही घ्या.

२८. मीठ काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत ठेव, स्टीलच्या डब्यात नको — ओलसर मीठ स्टीललाही हळूहळू खातं.

२९. मसाल्यांची फळी शेगडीच्या डोक्यावर नको — वाफेने तिखटाचे गोळे होतात आणि उष्णतेने वास उडतो. हातभर बाजूला सरकव.

३०. उघड्या फळ्या फोटोत फार गोड दिसतात. एकच कर, आणि तिच्यावर रोज वापरातली नि रोज धुतली जाणारी भांडी ठेव — फोडणीचं तेल हवेतून तिथे बसतं, त्यावर धूळ बसते, आणि मग ती पुसायची नसते, खरवडायची असते.

३१. माळा करून घे, पण त्यात काय ठेवलं त्याची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटव. माळ्यावर गेलं ते माहेरी गेलं. निरोप धाडल्याशिवाय परत येत नाही.

गॅस आणि वीज यांच्या बाबतीत मात्र मी थट्टा करत नाही.

३२. सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडीच्या पातळीपेक्षा खाली, आणि त्याच्या कपाटाच्या दाराला तळाशी भोकं किंवा जाळी ठेवायची — सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो. पाइपचा गॅस येणार असेल तर उलट, तो हलका असतो नि वर जातो. वरची खिडकी किंवा झरोका बुजवू नका.

३३. गॅसची रबरी नळी ट्रॉलीच्या मागून नेऊ नकोस आणि पाच वर्षांनी बदलायला विसरू नकोस — ट्रॉली रोज तिला घासते, आणि चीर पडलेली कळायच्या आधी वास येतो.

३४. पाइप गॅसची चावी शोभेसाठी लाकडी खोक्यात कोंडू नकोस — घाईच्या क्षणी ती दिसली पाहिजे, फिरवता आली पाहिजे. सिलिंडर असेल तर गळतीसाठी १९०६ हा क्रमांक दाराच्या आत लिहून ठेव.

३५. तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही टाकायचं नाही. गॅस बंद करायचा, झाकण ठेवायचं — म्हणून कढईवर बसणारं एक मोठं झाकण शेगडीपासून हाताच्या अंतरावर टांगलेलं असू दे. झाकण शेगडीच्या मागच्या भिंतीला नको, ज्वाळेतून हात घालावा लागेल.

३६. चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंच वर असावी, आणि तिचा पाइप शक्य तितका सरळ — प्रत्येक वळणावर ओढ कमी होते. पाइपचं तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे करू नकोस. तुमची खमंग फोडणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना खमंग लागत नाही.

३७. चिमणी घेतली म्हणून खिडकी बुजवू नकोस, आणि खिडकीसमोर कपाटही लावू नकोस — वीज गेली की चिमणी नुसती लटकते, खिडकी काम करतच राहते.

३८. विजेचे पॉइंट लाद्या बसायच्या आधी ठरवा, आणि आज लागतात त्याहून दोन जास्त घ्या. मायक्रोवेव्हला १६ अँपिअरचा वेगळा — लादी बसल्यावर भिंत फोडायची म्हणजे त्याच रंगाची लादी बाजारातून गेलेली असते.

३९. एकही पॉइंट शेगडीच्या मागे किंवा सिंकच्या शेजारी नको, आणि घराच्या मेन बोर्डात गळतीचा करंट लागताच वीज तोडणारं आरसीसीबी आहे ना ते वायरमनला विचार — ओले हात आणि मिक्सरचं बटण यांची गाठ रोजच पडते.

४०. दिवा छताच्या मधोमध एकच नको, वरच्या कपाटाच्या खाली एक पट्टी हवीच — दिवा पाठीमागे असला की आपलीच सावली भाजीवर पडते, आणि मेथीतली माती दिसत नाही.

४१. देव्हारा स्वयंपाकघरात ठेवणार असाल तर वरच्या कपाटाच्या पोटात बसवू नका — निरांजनाची ज्योत लहान दिसते, पण वरचं लाकूड तिने काळं होतं आणि तापतं. वर मोकळी भिंत असलेला कोपरा देवालाही मानवतो.

राहता राहिला तुझा आवडता विषय, रंगरूप.

४२. कपाटांना गडद, काचेसारखा चकचकीत सनमायका नको — त्यावर पिठाचा हात लागला की बोटांच्या पाचही खुणा दारातून दिसतात. फिक्कट, जराशी रेघारेघांची, लाकडी छटा घे. ती बरंच काही पोटात घालते.

४३. मूठ अशी निवड जिचं टोक बाहेर येत नाही — ओढणी नि खिसा तिच्यात अडकतो, तोही हातात गरम पातेलं असतानाच. आत खोबणीची मूठ घेतलीस तर आठवड्याला तिच्यातलं पीठ काढायची तयारी ठेव. दोन्हीपैकी मला खोबणीच पटते.

४४. भिंतीच्या लाद्या मोठ्या घे, म्हणजे सांधे कमी, आणि सांध्यांत एपॉक्सी भर — पांढऱ्या सिमेंटच्या सांध्यात हळद बसली की लादी नवी असून जुनी दिसते. जमिनीची लादी मात्र खरखरीतच हवी, वर तेल सांडणारच आहे.

४५. नक्षी एकाच ठिकाणी कर, सिंकवरची भिंत म्हण किंवा एकुलती एक फळी. बाकी सगळं साधं — छोट्या खोलीत सगळंच बोलायला लागलं की कोणाचंच ऐकू येत नाही.

४६. पांढऱ्या ओट्यावर, फडक्यावर, प्लॅस्टिकच्या डब्यावर हळदीचा डाग पडला तर घासत बसू नका. जे उचलता येतं ते धुऊन दिवसभर उन्हात ठेवा — ऊन हळदीचा रंग आपोआप उडवतं. ओटा उन्हात नेता येत नाही, म्हणून तर काळा ग्रॅनाइट म्हटलं.

४७. ओल्या नि सुक्या कचऱ्याचे दोन डबे पहिल्या दिवसापासून. ओल्याचा डबा बंद कपाटात कोंडू नका — वास मागच्या दाराने गेला नाही, तर पाहुणा पुढच्या दाराने जातो.

४८. पिण्याच्या पाण्याची जागा खरकट्या हातांपासून लांब ठेवा. प्युरिफायर लावलात तर त्याचं फेकलेलं पाणी बादलीत येईल असा पाइप काढा — लादी पुसायला ते चालतं, आणि सिंकमध्ये उगाच वाहत राहत नाही.

४९. रोज रात्री ओटा कोरडा करून झोपा, तोही सिंकपासून सुरुवात न करता शेगडीकडून सिंककडे — खरकटं एकाच दिशेने जातं, आणि सकाळी चहाचं आधण ठेवताना चिडचिड होत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. आज तू, उद्या ती.

५०. सुताराचा शेवटचा हप्ता काम संपलं त्या दिवशी देऊ नकोस. सिंक तुडुंब भरून एकदम सोड, खालचा पाइप कोरड्या फडक्याने पुसून बघ. सगळ्या ट्रॉल्या भांड्यांनी भरून आठवडाभर ओढ, मग दे — रिकामी ट्रॉली सगळ्यांचीच सरकते.

मापांचा कागद तयार झाला की ऑर्डर देण्याआधी मला एकदा पाठव. आणि पोळ्या लाटताना उंचीची खूण कुठे आली, तेही त्यावर लिही.